अडकलेले काडतूस आणि जॉन ब्राऊनिंग

फायरिंग रेंजवर रोक आली की उस्ताद सर्वांत आधी काय करायला लावतात, हे आपल्या प्रत्येक कॅडेटला पाठ असते. नळी टार्गेटच्या दिशेला, बोट चापावरून बाहेर, हात वर. मग बोल्ट मागे घेऊन आत पाहायचे. बऱ्याच वेळा आत दिसते ती मागच्या फैरीची रिकामी पुंगळी. ती बाहेर यायला हवी होती, पण आली नाही. ती जागेवरून हलत नाही तोवर पुढचे काडतूस आत जात नाही. शस्त्र कितीही चांगले असो, त्या क्षणी ते हातातले लोखंडच.

गोळी सुटणे हे शस्त्राचे अर्धे काम. वापरलेली पुंगळी ओढून काढणे, बाहेर फेकणे आणि नव्या काडतुसाला वाट करून देणे हे उरलेले अर्धे. या उरलेल्या अर्ध्या कामावर ज्याने जवळजवळ आयुष्य घालवले, त्या अमेरिकन कारागिराचे नाव जॉन मोझेस ब्राऊनिंग. पंप-ॲक्शन शॉटगन जगभर रुळली ती मुख्यतः त्यांच्या रचनेमुळे. ती रचना पहिल्याच फटक्यात निर्दोष उतरली नव्हती, आणि ब्राऊनिंग यांच्या चरित्रातला आपल्या उपयोगाचा भाग तिथेच आहे.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या यूटा प्रांतातल्या ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन ब्राऊनिंग बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे. मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर ते पूर्वेकडून मजल दरमजल करत १८५२ मध्ये यूटात येऊन राहिले होते. एका भरणीत अनेक बार काढता येतील अशा बंदुका त्यांनी तरुणपणीच बनवल्या होत्या. घर मोठे होते. तीन बायका आणि बावीस मुले. त्यात ऑग्डेन म्हणजे उघड्या माळावरची नवी वस्ती. नवी वस्तू विकत घेण्यापेक्षा जुनी दुरुस्त करून वापरण्याकडेच लोकांचा कल. जोनाथन यांच्या दुकानात बंदुकीबरोबर नांगराचा फाळ आणि घरातली मोडकी भांडीकुंडीही येत.

जॉनचे बालपण या दुकानात गेले. भाता, ऐरण, कानस, पायाने चालवायचे लेथ हीच त्याची खेळणी. शाळेचे शिक्षण थोडेच झाले. दुकानाच्या मागे मोडक्या बंदुकांच्या भागांचा ढीग असे, आणि त्या ढिगातूनच तो शिकला. दहाएक वर्षांचा असताना त्याने एका टाकाऊ नळीला लाकडाचा ओबडधोबड दस्ता बांधून बंदूक बनवली आणि धाकटा भाऊ मॅथ्यू याला बरोबर घेऊन माळावरचे पक्षी मारून आणले, अशी आठवण त्या घरात सांगत. नेम धरायचा एकाने आणि विस्तव लावायचा दुसऱ्याने, असा तो प्रकार. वडिलांनी शिकारीचे कौतुक केले नाही. बंदूक हातात घेऊन पाहिली आणि यापेक्षा चांगली का बनवली नाहीस, एवढेच विचारले. मुलाला ते लागले असावे, कारण नंतर आयुष्यभर तो हाच प्रश्न स्वतःला विचारत राहिला.

१८६९ मध्ये रेल्वे ऑग्डेनला पोहोचली आणि दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांची संख्या वाढली. कोणाची स्प्रिंग मोडलेली, कोणाचा घोडा झिजलेला, कोणाच्या नळीत पुंगळी चिकटलेली. कारखान्यात बसून नवी बंदूक बनवणाऱ्या माणसाला शस्त्र दिसते ते कोरे आणि तेल दिलेले. दुरुस्ती करणाऱ्याला ते दिसते धुळीतून, पावसातून, हेळसांडीतून गेल्यावर. आपला भाग कोणत्या ठिकाणी हार मानणार, हे दुसऱ्यालाच आधी कळते. जॉनची दृष्टी या बाकावर तयार झाली.

तेवीस वर्षांचा असताना, १८७८ मध्ये, त्याने स्वतःची पहिली रायफल तयार केली. एका वेळी एकच काडतूस भरायचे, पण रचना भक्कम आणि भाग मोजके. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी जॉनचे लग्न झाले आणि त्याच वर्षी वडील वारले. घराचा भार मुलांवर आला. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना काढला. व्यवहार मॅथ्यूने सांभाळला, हातकाम इतर भावांनी, आणि रचना जॉनने. अनुभवी कामगार नव्हते, यंत्रे मोजकी होती, तरी त्यांनी काही शे रायफली बनवल्या.

त्यांतली एक फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती पडली. त्याने ती कंपनीकडे पाठवली. १८८३ मध्ये कंपनीचे व्यवस्थापक टी. जी. बेनेट आगगाडीने सारा देश ओलांडून ऑग्डेनला आले. कारखाना म्हणून त्यांना दिसले ते एक साधे दुकान आणि काही तरुण भाऊ. बोलणी लांबली नाहीत. आठ हजार डॉलरला त्या रायफलीचे हक्क विंचेस्टरने घेतले. या सौद्यापासून ब्राऊनिंग आणि विंचेस्टर यांची जवळजवळ एकोणीस वर्षांची संगत सुरू झाली.

त्या काळात ब्राऊनिंग यांच्या हातून १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ सालांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायफली झाल्या. ते एका मागून एक नमुने बनवत आणि कंपनी ते विकत घेई. काही रचना तर प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठीच घेऊन कपाटात ठेवल्या गेल्या. ब्राऊनिंग कागदी नकाशांवर फारसे विसंबत नसत. भाग डोक्यात फिरवून पाहायचे, पत्र्याचे तुकडे कापून जुळवायचे, मग भावाच्या मदतीने पोलादात उतरवायचे. आणि मग स्वतः ते शस्त्र घेऊन मैदानात जायचे. ते आणि मॅथ्यू हे नावाजलेले नेमबाज होते. आणखी दोन मित्रांबरोबर त्यांचा चौघांचा संघ उडत्या लक्ष्यांच्या स्पर्धा खेळे. चौघांचीही आडनावे ब या अक्षराने सुरू होत, म्हणून लोक त्यांना चार ब म्हणत. ऑग्डेनजवळच्या दलदलीत बदकांच्या शिकारीलाही ते जात. शॉटगन ओल्या हातात, चिखलात, घाईत कशी वागते हे त्यांना असे प्रत्यक्ष ठाऊक होते.

विंचेस्टरला शॉटगन हवी होती, तीही वारंवार बार काढणारी. ब्राऊनिंग यांचे मत होते की नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून चालणारी, म्हणजे पंप-ॲक्शन रचना अशा बंदुकीला अधिक योग्य. कंपनीचे नाव मात्र चापाखालच्या लिव्हरसाठी गाजलेले होते, म्हणून आधी लिव्हरची शॉटगन मागितली गेली. ती १८८७ मध्ये आली. पंप-ॲक्शन शॉटगन बाजारात यायला १८९३ साल उजाडले. तशी बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी दहा वर्षांपूर्वीच काढली होती, पण ती फारशी पसरली नाही.

आता या बंदुकीत पुंगळी का अडकते, ते समजून घेऊ. कारण ब्राऊनिंग यांच्यापुढचा खरा पेच तोच होता.

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढ्या जाडीची होईल, तेवढ्या व्यासाची नळी. तिचे काडतूस जाडजूड असते. बूड धातूचे, आणि वरचे अंग त्या काळी कागदाचे, आज प्लॅस्टिकचे. बार झाला की आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. हे हवेच असते, नाहीतर वायू मागे येईल. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि भिंत सोडते. त्या क्षणी बोल्टवरचा एक छोटा आकडा, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, तो पुंगळीच्या कडेला धरून तिला मागे ओढतो. ती पूर्ण मागे आली की इजेक्टर नावाचा दुसरा भाग तिला टिचकी मारल्यासारखी खिडकीतून बाहेर फेकतो. ओढणारा वेगळा, फेकणारा वेगळा. रायफलच्या बोल्टलाही हेच दोघे असतात. फरक एवढाच की पंप-ॲक्शनमध्ये त्यांना जोर पुरवतो तो माणसाचा डावा हात.

आणखी एक बारकावा आहे. कागदी काडतुसाचे तोंड दुमडून बंद केलेले असते. बार झाल्यावर ती घडी उलगडते, म्हणून रिकामी पुंगळी भरलेल्या काडतुसापेक्षा लांब असते. म्हणजे आत सहज गेलेली वस्तू बाहेर येताना खिडकीत अडू शकते.

१८९३ च्या बंदुकीला हीच गोष्ट नडली. ती काळ्या दारूच्या आणि सुमारे ६७ मिलिमीटर लांबीच्या काडतुसांसाठी बनवली होती. तिची चौकट वरून काहीशी उघडी होती. नेमक्या त्याच वर्षांत बिनधुराची दारू बाजारात पसरली. या दारूचा जोर वेगळा, आणि तिच्याबरोबर आलेली काडतुसे सुमारे ७० मिलिमीटरची. लोकांनी अर्थातच नवी काडतुसे जुन्या बंदुकीत घातली. चौकट त्या जोरासाठी पुरेशी मजबूत नव्हती, आणि लांब पुंगळी नीट बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. सुमारे ३४ हजार बंदुका बनल्यावर ते मॉडेल थांबवण्यात आले. ज्यांच्याकडे ती होती त्यांना ती परत करून नवी घेण्याची सोय कंपनीने केली.

नवी बंदूक १८९७ ची. बाहेरून पाहिले तर दोघी बहिणी वाटाव्यात, पण आतले बदल एकेक कारण धरून केलेले होते. चौकट लांब आणि मजबूत केली. वरची बाजू पूर्ण बंद केली आणि पुंगळीला फक्त उजव्या कुशीतून वाट ठेवली. त्यामुळे चौकटीला बळ आले आणि लांब पुंगळीही न अडता बाहेर पडू लागली. बंदूक आडवी धरून भरताना काडतूस घरंगळून पडू नये म्हणून बाजूला एक सरकता आधार दिला.

सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल कुलपाचा. कधीकधी चाप ओढल्यावर दारू पेट घ्यायला क्षणभर उशीर करते. घाईतल्या माणसाला वाटते, काडतूस फुसके निघाले, आणि तो मूठ मागे ओढतो. त्याच क्षणी बार झाला तर उघड्या चेंबरमधून आग तोंडावर येते. १८९७ च्या बंदुकीत मूठ आधी किंचित पुढे गेल्याशिवाय कुलूप सुटतच नाही. बार झाला की धक्क्याने बंदूक मागे येते आणि तिच्या तुलनेत मूठ आपोआप पुढे सरकते. म्हणजे धक्काच कुलूप उघडतो. धक्का बसला नाही तर माणसाला मूठ मुद्दाम पुढे ढकलावी लागते आणि तेवढ्यात तो सावध होतो. उतावळ्या हाताला यंत्राने शिस्त लावण्याचे हे नामी उदाहरण आहे. ही बंदूक १९५७ पर्यंत बनत राहिली. एकूण संख्या दहा लाखांच्या पुढे गेली.

आज या जातीच्या बंदुकीत पुंगळी अडकली तर चांगला आरमरर कसा विचार करतो, तेही येथे सांगायला हवे. पहिली अट अशी की बंदूक रिकामी आहे याची खात्री होईपर्यंत ती भरलेलीच समजायची. चेंबर आणि नळीखालचे मॅगझिन दोन्ही पाहायचे. अडकलेली वस्तू रिकामी पुंगळी आहे की न उडालेले काडतूस, हे ठरल्याशिवाय तिला नळीच्या तोंडाकडून गज लावायचा नाही. हे काम उस्तादांच्या किंवा आरमररच्या देखरेखीखालचे, कॅडेटने एकट्याने करायचे नाही.

मग तो बाहेर काढलेली पुंगळीच आधी हातात घेतो, कारण बरेचसे उत्तर तिच्या कडेवर लिहिलेले असते. कड फाटली किंवा ओरखडली असेल तर आकड्याने आपले काम केले, पुंगळीच चेंबरला चिकटून बसली होती. कडेवर खूण नसेल तर आकडा निसटला. पहिल्या प्रकारात तो काडतुसांचा वाण बदलून पाहतो. स्वस्त काडतुसांचे बूड पितळेऐवजी लोखंडी पत्र्याचे असते. ते फुगल्यावर पितळेइतके आकसत नाही. वाण बदलूनही तक्रार राहिली तर दोष चेंबरचा. गंज, जळकी दारू किंवा प्लॅस्टिकचा पातळ लेप तिथे साचलेला असतो. द्रावण लावून, काशाच्या ब्रशने घासून तो जातो. हट्टी असेल तर अगदी बारीक स्टील वूल ब्रशला गुंडाळून हलक्या हाताने फिरवतात. कानस किंवा खरखरीत पॉलिश पेपर मात्र कधीच नाही. चेंबर मोठे झाले की पुंगळी जास्त फुगते, म्हणजे औषधाने रोग वाढतो.

आकडा निसटत असेल तर तो काढून त्याच्यामागची घाण साफ करायची, धार बोथट झाली आहे का पाहायचे, स्प्रिंग तपासायची. चेंबरमध्ये साचलेली घाण दिसते, पण आकड्याच्या खाचेतली चिमूटभर घाण दिसत नाही, आणि आकड्याला पूर्ण मिटू देत नाही ती तीच. डमी काडतूस आकड्याखाली अडकवून ते घट्ट बसते की लुळे पडते, यावरूनही बरेच कळते. पुंगळी चेंबरमधून बाहेर येते, पण खिडकीपाशी रेंगाळते, असे असेल तर दोष इजेक्टरचा. सगळे भाग ठीक असतील तर शेवटी हाताकडे पाहायचे. मूठ अर्ध्यावर थांबवली किंवा दबकत ओढली तर उत्तम बंदूकही अडते. ती मागे टेकेपर्यंत जोरात ओढायची आणि तितक्याच जोरात पुढे न्यायची.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी पुरावा, मग सोपे कारण, मग अवघड. भाग बदलण्याआधी भाग साफ करायचा. आपल्या हाताला संशयातून सूट द्यायची नाही.

ब्राऊनिंग यांनी पुढे एक पाऊल टाकले. हात चुकतो, तर हे काम हाताकडे कशाला, असा विचार ते आधीपासून करत होते. १८८९ च्या सुमारास नेमबाजी चालू असताना नळीतून सुटणाऱ्या वायूने जवळचे गवत झुकते, हे त्यांच्या लक्षात आले. वाया जाणारी ही शक्ती बंदुकीचे पुढचे काम का करणार नाही? त्यातून वायूवर चालणारी मशीनगन झाली. कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये काढली. शॉटगनसाठी त्यांनी धक्क्याचा उपयोग केला. बार झाला की नळी आणि बोल्ट एकत्र मागे जातात आणि त्या हालचालीतच पुंगळी ओढली आणि फेकली जाते. १९०० मध्ये या स्वयंचलित शॉटगनचे पेटंट मिळाले.

तिच्यावरूनच विंचेस्टरशी बिनसले. आजवर ते रचना एकरकमी विकत आले होते. या वेळी त्यांनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेट यांनी नकार दिला. ब्राऊनिंग यांनी नमुना उचलला आणि रेमिंग्टन कंपनीकडे गेले. ८ जानेवारी १९०२ रोजी ते तिथल्या अध्यक्षांच्या भेटीसाठी बाहेर थांबले असताना आत अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. दुसरा कोणी खचला असता. ब्राऊनिंग यांनी बंदूक बरोबर घेऊन आगबोट पकडली आणि बेल्जियमला गेले. लिएजजवळच्या हेर्स्टाल गावच्या एफएन कारखान्यात त्यांचे पिस्तूल आधीच बनत होते. त्यांनी शॉटगनही घेतली, आणि रेमिंग्टननेही पुढे ती अमेरिकेत काढली. जवळजवळ शतकभर ती बनत राहिली.

त्यांचे नाव जसे पसरले, तशी त्यांची शस्त्रे भल्याबुऱ्या सर्व हातांत गेली. जून १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या एफएनच्याच ब्राऊनिंग पिस्तुलातून. त्या खुनानंतर पहिले महायुद्ध पेटले. शस्त्र बनवणाऱ्याच्या वाट्याला ही सावली येतेच. ज्यांच्या हाती शस्त्र दिले जाणार आहे, त्यांनी तिचा विसर पडू देऊ नये.

अमेरिका युद्धात उतरली तेव्हा १८९७ ची शॉटगनही खंदकात गेली. नळी आखूड, हात भाजू नये म्हणून तिच्यावर भोकांची जाळी, पुढे संगीन. अरुंद खंदकातल्या लढाईत ती इतकी भयंकर ठरली की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. अमेरिकेने तो फेटाळला. पण सैनिकांची अडचण वेगळीच होती. खंदकातल्या ओलीने कागदी काडतुसे फुगत. फुगलेले काडतूस चेंबरमध्ये जाईना, गेले तर निघेना. बंदूक तीच, यंत्र तेच, पण शत्रू समोर असताना हातात रोक. उपाय म्हणून पूर्ण पितळी काडतुसे बनवून घ्यावी लागली. कोकणातल्या पावसाळ्यात दारूगोळा सांभाळणाऱ्याला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

सैन्याने ब्राऊनिंग यांच्या शस्त्रांवर भरवसा ठेवला तो चाचण्या पाहून. मार्च १९११ मध्ये त्यांच्या .४५ पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडले नाही. पुढे सत्तरहून अधिक वर्षे ते अमेरिकी सैन्याचे पिस्तूल राहिले. मे १९१७ मध्ये त्यांच्या पाण्याने थंड होणाऱ्या मशीनगनने आधी २०,००० आणि मग आणखी २०,००० गोळ्या सोडल्या. परीक्षकांना शंका आली, ही गन मुद्दाम निवडून आणली असेल. तेव्हा दुसरी गन लावली. ती ४८ मिनिटे १२ सेकंद अखंड चालली. प्रत्येक गोळीमागे एक पुंगळी ओढली गेली, फेकली गेली, नवी आत आली. हजारो वेळा. दुरुस्तीच्या बाकावर शिकलेला धडा असा फळाला आला.

युद्धकाळात सरकारने मशीनगन, स्वयंचलित रायफल आणि पिस्तूल यांच्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगामागे हिस्सा मागितला असता तर रक्कम कितीतरी पट झाली असती. ज्या माणसाने हिश्श्यासाठी विंचेस्टर सोडली, त्याने या वेळी घासाघीस न करता सही केली. त्यांचा मुलगा व्हॅल लेफ्टनंट म्हणून फ्रान्समध्ये होता. वडिलांनी बनवलेली स्वयंचलित रायफल सैनिकांना शिकवायची आणि लढाईत वापरायची, हे त्याचे काम. शस्त्र अडले तर काय होते, हा प्रश्न आता त्या बापासाठी कागदावरचा राहिला नव्हता.

म्हातारपणीही त्यांनी काम सोडले नाही. बेल्जियमच्या फेऱ्या चालूच होत्या. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात काम करत असताना त्यांच्या छातीत कळ आली, आणि मुलाच्या कचेरीत त्यांनी प्राण सोडला. वय ७१. नावावर १२८ पेटंट होती, आणि बाकावर अपुरी शॉटगन. वर-खाली दोन नळ्यांची ती बंदूक व्हॅलने पूर्ण केली. त्यांनी आरंभलेले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल एफएनचे द्यूदोने सेव्ह यांनी १९३५ मध्ये सिद्ध केले. ब्राऊनिंग यांना ऑग्डेनच्याच मातीत विसावा मिळाला.

आपल्या कॅडेटना हे नाव परके वाटू नये. भारतीय सैन्याने वर्षानुवर्षे बाळगलेले, इशापूरच्या कारखान्यात बनणारे नऊ मिलिमीटर पिस्तूल म्हणजे त्यांचेच ते शेवटचे अपुरे काम. आपल्या पलटणींच्या एमएमजीचा बोल्ट ज्या रीतीने कुलूपबंद होतो, ती रीत त्यांच्या स्वयंचलित रायफलीतून आलेली आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनतात, आणि ती फुगण्याचा व आकसण्याचा नियम ऑग्डेनमध्ये होता तोच आहे.

पालक विचारतात, मुलांना रेंजवरून आल्यावर तास तास शस्त्र पुसायला का बसवतात? उत्तर ब्राऊनिंग यांच्या आयुष्यात आहे. त्यांनी यंत्रात जेवढी काळजी घालता येईल तेवढी घातली. १८९३ ची उणीव लपवली गेली नाही. बंदूक परत घेऊन पुन्हा बनवली गेली. पण आकड्यामागची चिमूटभर घाण काढायला कोणताही संशोधक येणार नाही. ती शेवटची काळजी ज्याच्या हातात शस्त्र आहे, त्यानेच घ्यायची आहे. पुढच्या वेळी चिंधी आणि ब्रश हातात येईल, तेव्हा चेंबर चकचकीत झाले म्हणून थांबू नका. आकड्याच्या मागे पाहा.